'हू' म्हणजे कोण? एका चुकीचा हजार वर्षांचा इतिहास

जे ऐकतात त्यांचं स्वागत, आणि ज्यांना हेडफोन लावायचा कंटाळा आहे म्हणून जे हे वाचतायत, त्यांचंही. आजचा भाग व्याकरणावर आहे. थांबा, लगेच पुढे ढकलू नका. यात भांडणं आहेत, वर्तमानपत्रात छापलेली खोटी तक्रार आहे, आणि माझी एक जुनी फजिती आहे. सुरुवात तिथूनच करतो.

आठवीत होतो. गावातली शाळा. इंग्रजीच्या सरांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं : 'द मॅन हू रिपेअर्स अवर पंप इज कमिंग टुडे.' आणि मला उभं केलं, मराठीत सांग म्हणून. मला सगळे शब्द येत होते. मॅन म्हणजे माणूस, हू म्हणजे कोण, पंप म्हणजे पंपच. मी ठणठणीत आवाजात म्हणालो, "माणूस. आमचा पंप कोण दुरुस्त करतो? आज येत आहे."

वर्ग हसला. सर पण हसले. पुढचं वर्षभर मला वर्गात 'कोण' म्हणत होते. "ए कोण, इकडे ये." आज गंमत वाटते, पण तेव्हा त्याचा परिणाम वाईट झाला. मी इंग्रजीत तोंड उघडणं बंद केलं. पुढे कॉलेजात बोलावंच लागलं, तेव्हाही मी 'हू' आणि 'विच' टाळायचो. वाक्यांचे तुकडे करायचो. 'देअर इज अ मॅन. ही रिपेअर्स पंप्स. ही इज कमिंग.' एका मुलाखतीत मला कुणीतरी विचारलं, तुम्ही तारेच्या भाषेत का बोलता? मी म्हणालो, सवय आहे.

खूप वर्षांनी इंग्रजी भाषेचा इतिहास वाचायला घेतला आणि एका पानावर अडकलो. तिथे लिहिलं होतं की जुन्या इंग्रजीत 'हू' हा फक्त प्रश्न विचारण्याचा शब्द होता. म्हणजे कोण. 'जो' या अर्थाने तो वापरतच नसत. म्हणजे मी केलेलं भाषांतर चूक होतं खरं, पण हजार वर्षांपूर्वीच्या एखाद्या इंग्रज शेतकऱ्यानेही ते वाक्य बघून तसंच डोकं खाजवलं असतं.

आता नीट सांगतो.

एका नामाला चिकटून त्याच्याबद्दल अधिक सांगणारं छोटं वाक्य, त्याला इंग्रजीत रिलेटिव्ह क्लॉज म्हणतात. आपल्याकडे त्याचं काम जो, जी, जे करतात. 'ज्याच्या हाती ससा तो पारधी.' यात 'ज्याच्या हाती ससा' हे ते छोटं वाक्य. मराठीत ही जोडी असते. जो आला की तो येतोच. जिथे-तिथे, जेव्हा-तेव्हा, जसा-तसा, जितका-तितका. सरकारी अधिसूचना बघा, 'ज्याअर्थी' ने सुरू होते आणि अर्धं पान उलटल्यावर 'त्याअर्थी' येतं, तोवर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. ज्ञानेश्वरांच्या पसायदानात तर जो, जे, तो, ते अशी चौकडी एकाच ओळीत नांदते. सातशेहून जास्त वर्षं झाली, आणि शाळेतल्या पोराला ती ओळ कुणी समजावून सांगावी लागत नाही.

ही जोडी आपल्याला संस्कृतातून आली. संस्कृतात तीन घराणी आहेत. 'य' चं घराणं : यः, यदा, यत्र. 'त' चं घराणं : तद्, तदा, तत्र. आणि 'क' चं घराणं : कः, कदा, कुत्र. मराठीत 'य' चा 'ज' झाला. म्हणून जो-तो-कोण, जेव्हा-तेव्हा-केव्हा, जिथे-तिथे-कुठे. ज हा संबंध जोडणारा, त हा बोट दाखवणारा, क हा प्रश्न विचारणारा. इतकी सोपी मांडणी आहे की आपलं तिच्याकडे लक्षच जात नाही.

इंग्रजी ही या कुटुंबातली लांबची बहीण. हे नातं मोठ्याने सांगितलं विल्यम जोन्स यांनी, १७८६ साली कलकत्त्यात, एशियाटिक सोसायटीसमोर. संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांची ओढ एकाच उगमाकडे जाते, आणि इंग्रजी ज्या शाखेची आहे त्या जर्मानिक भाषांचाही उगम तोच असावा, असं त्यांचं म्हणणं होतं. इंग्रजीतला 'दॅट' आणि संस्कृतातला 'तत्' हे सख्खे भाऊ आहेत. जुन्या इंग्रजीत पुल्लिंगी 'तो' साठी 'से' होतं, ते आपल्या 'सः' च्या घरचं. आणि 'हू' ? त्याचं जुनं रूप 'ह्वा'. तो 'कः' चा भाऊ, आपल्या 'कोण' चा नातेवाईक. आठवीतल्या मला हे माहीत असतं तर मी हसणाऱ्यांना ऐकवलं असतं.

गंमत अशी की इंग्रजीच्या घरी 'ज' चं घराणं उरलंच नव्हतं. 'यः' ला जोड असलेला, संबंध जोडायला वापरता येईल असा शब्द तिच्याकडे नाही. मग 'जो पंप दुरुस्त करतो तो माणूस' हे म्हणायचं कसं?

जुन्या इंग्रजीने, म्हणजे साधारण सातव्या ते अकराव्या शतकातल्या इंग्रजीने, 'त' च्या घराण्याकडून दुहेरी काम करून घेतलं. कधी 'से' वापरायचे, म्हणजे शब्दशः 'तो माणूस, तो पंप दुरुस्त करतो'. कधी 'थे' नावाचा एक छोटासा शब्द वापरायचे, ज्याला लिंग नाही, वचन नाही, विभक्ती नाही. कधी दोन्ही एकत्र : 'से थे'. जेव्हा-तेव्हा साठीही तोच प्रकार. 'था' म्हणजे तेव्हा, आणि 'था... था...' म्हणजे जेव्हा-तेव्हा. आपण 'तेव्हा पाऊस आला, तेव्हा मी पळालो' म्हणालो तर कसं वाटेल, तसं. पण जोडी आहे, हे लक्षात घ्या. आपल्या जेव्हा-तेव्हा सारखी जोडी त्यांच्याकडेही होती. ती पुढे मोडली.

१०६६ मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं. दरबारात फ्रेंच, चर्चमध्ये लॅटिन, आणि इंग्रजी शेतात, बाजारात, स्वयंपाकघरात. त्या काळात इंग्रजी शब्दांचे प्रत्यय झिजत गेले. 'से' चाही 'थे' झाला आणि त्यातून आजचं 'द' तयार झालं. आता एकच 'थे' नामाआधी येणार आणि वाक्य जोडायलाही येणार, म्हणजे गोंधळच. हळूहळू जोडणारा 'थे' मागे पडला आणि 'दॅट' ने सगळं काम अंगावर घेतलं. माणूस असो, गाय असो, जातं असो, सगळ्यांना 'दॅट'. एकच शब्द, भेदभाव नाही. मला विचाराल तर इंग्रजी शिकण्याचा सगळ्यात सुखाचा काळ तोच असावा.

पण सुख टिकत नाही. बाराव्या शतकापासून प्रश्नाच्या घराण्यातले लोक या घरात शिरायला लागले. आधी 'विच' आला. 'हूम' आणि 'हूज' आले. हू मात्र बराच काळ दाराबाहेर. त्याचं आगमन कुठे दिसतं माहितेय? पत्रांच्या शेवटी. पंधराव्या शतकातली, नॉरफोकमधल्या पास्टन नावाच्या घराण्याची पत्रं आजही शिल्लक आहेत. त्यांत जमिनीचे खटले आहेत, लग्नाच्या बोलण्या आहेत, पैशाची रडगाणी आहेत. आणि पत्र संपवताना देवाचं नाव घेऊन, 'जो तुम्हाला सांभाळो' अशा अर्थाचा ठरलेला मायना आहे. त्या 'जो' च्या जागी हू आहे. आपण 'कळावे, लोभ असावा' लिहितो तसं ते ठोकळेबाज वाक्य. म्हणजे 'जो' या अर्थाचा हू लेखी इंग्रजीत रुळायला लागला तो देवाचं बोट धरून, पत्राच्या तळाशी.

पण त्यामुळे सगळं लगेच बदललं असं नाही. १६११ साली राजा जेम्सच्या आज्ञेने झालेलं बायबलचं प्रसिद्ध भाषांतर बघा. त्यातल्या सगळ्यात परिचित प्रार्थनेत, स्वर्गातल्या पित्याला उद्देशून, जिथे आज कुणीही हू म्हणेल तिथे चक्क 'विच' आहे. आमच्या सरांनी देवाचासुद्धा अर्धा गुण कापला असता. तेव्हा ती चूक नव्हतीच. माणसांना 'विच' चालत होतं. आज आपली पोरं 'द बॉय विच केम' म्हणतात तेव्हा आपण कपाळाला हात लावतो. चारशे वर्षांपूर्वी लंडनमध्ये कुणी लावला नसता.

हे क चं घराणं इतकं का वाढलं? लॅटिन. शिकलेला माणूस म्हणजे लॅटिन शिकलेला माणूस, आणि लॅटिनमध्ये प्रश्नाचा 'क्विस' आणि संबंधाचा 'क्वी' एकमेकांना खेटून बसलेले. फ्रेंचमध्येही 'की' दोन्ही कामं करतो. ज्यांच्या डोळ्यांसमोर दिवसभर हे, त्यांच्या इंग्रजीतही ते उतरणारच. हे एकच कारण होतं असं कुणी ठामपणे म्हणू नये, पण एवढं दिसतं की हू आणि विच लेखणीच्या वाटेने वर चढले, आणि बोलण्यात 'दॅट' पाय रोवून उभा राहिला.

आता ती भांडणं, कबूल केल्याप्रमाणे.

पहिला भांडखोर जॉन ड्रायडन, सतराव्या शतकातला मोठा कवी-नाटककार. याला वाक्याच्या शेवटी लोंबणारे 'इन', 'ऑफ', 'टू' आवडायचे नाहीत. 'द हाऊस आय लिव्ह इन' नको, 'द हाऊस इन विच आय लिव्ह' हवं. १६७२ मध्ये त्याने बेन जॉन्सनच्या लिखाणातल्या अशा शेपट्या काढून दाखवल्या, बेन जॉन्सनला जाऊन पस्तीस वर्षं झाली होती तरी. मग त्याच्या लक्षात आलं की आपल्याही जुन्या लिखाणात शेपट्या आहेत. १६६८ चा त्याचा नाट्यकाव्यावरचा प्रसिद्ध निबंध १६८४ मध्ये पुन्हा छापताना त्याने त्या निवडून निवडून कापल्या. आपलं इंग्रजी बरोबर आहे का हे बघायला तो ते लॅटिनमध्ये करून बघायचा. म्हणजे पोहे चांगले झालेत का हे ठरवायला इडलीपात्रात घालून बघण्यासारखं.

कारण त्या शेपट्या इंग्रजीच्या अंगच्या आहेत. 'दॅट' च्या आधी 'इन' लावताच येत नाही. 'द हाऊस इन दॅट आय लिव्ह' हे वाक्य कुणी इंग्रज बोलत नाही. मग 'इन' बिचारं जाणार कुठे? शेवटी. मराठीत ही भानगड नाही, कारण आपला 'त' थेट 'ज्या घरा' ला चिकटतो : ज्या घरात. म्हणून आपल्याला 'इन विच' पटकन पटतं, आणि आपलं इंग्रजी कधी कधी कोर्टाच्या कागदासारखं ऐकू येतं.

दुसरं भांडण माझं सगळ्यात आवडतं. १७११ साल, लंडन. कॉफीहाऊसमध्ये 'स्पेक्टेटर' नावाचं रोज निघणारं पत्र वाचलं जायचं, रिचर्ड स्टील आणि जोसेफ ॲडिसन ते चालवायचे. ३० मे १७११ च्या अंकात स्टीलने एक अर्ज छापला. अर्जदार कोण? हू आणि विच. स्वतः शब्दच! आमची दैना झाली आहे, आमचं घराणं जुनं आणि प्रतिष्ठित, पण हा कालचा उपटसुंभ 'दॅट' आमच्या जागेवर बसलाय, आम्हाला न्याय द्या, असा एकूण सूर. आणि दोनच दिवसांनी, १ जूनच्या अंकात, दॅटचं उत्तर छापून आलं. आजच्या भाषेत सांगायचं तर रिप्लाय व्हिडिओ.

तुम्ही इथपर्यंत ऐकलंय, त्यामुळे खटल्यातली मेख तुम्हाला कळली असेल. अर्जदार खोटं बोलत होते. जमिनीचा सातबारा काढला असता तर त्यावर दॅटचंच नाव निघालं असतं. शेकडो वर्षं वहिवाट त्याची. हू आणि विच हेच बाहेरून आलेले, आणि हूच्या नावावर तर जेमतेम अडीच-तीनशे वर्षं. पण शिकलेल्या लोकांच्या लिखाणात ते रुळले होते, म्हणून जुने आणि खानदानी वाटत होते. स्टीलला हे ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जुनी इंग्रजी वाचणारे तेव्हा हाताच्या बोटांवर मोजण्याइतके.

पुढे व्याकरणाच्या पुस्तकांचा पूर आला. १७६२ मध्ये रॉबर्ट लाउथ या धर्मगुरूचं व्याकरण आलं. शेपटीवाल्या वाक्यांकडे इंग्रजीचा ओढा आहे हे सांगताना त्याने ते वाक्यच शेपटीने संपवलंय. मुद्दाम की नकळत, यावर लोक अजून वाद घालतात. मला मुद्दामच वाटतं. १७९५ मध्ये लिंडले मरे या अमेरिकेतून येऊन यॉर्कजवळ राहिलेल्या वकिलाने तिथल्या क्वेकर मुलींच्या शाळेसाठी पुस्तक लिहिलं, आणि ते जगभर खपलं. माणसाला हू, वस्तूला विच, ही वाटणी आता पाठ्यपुस्तकात पक्की झाली.

तीच पुस्तकांची लाट आपल्या किनाऱ्यालाही लागली. १८०५ मध्ये विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून मराठीचं व्याकरण छापलं, इंग्रजीतून. हे श्रीरामपूर बंगालमधलं, नगरचं नव्हे. १८३६ मध्ये दादोबा पांडुरंग तर्खडकरांचं 'महाराष्ट्र भाषेचे व्याकरण' आलं, मराठी माणसाने मराठीत लिहिलेलं, पण इंग्रजी व्याकरणांची घडी समोर ठेवून. (ज्यांच्या भाषांतर पाठमालेने आपल्या आजोबांना रडवलं ते तर्खडकर वेगळे.) जो ला 'संबंधी सर्वनाम' म्हणणारी आपली शाळेतली पद्धत त्याच सांध्यावर घडली.

आणि स्वल्पविराम. मोडीत लिहिलेला जुना कागद पाहिलाय? शब्दसुद्धा तोडलेले नसतात, तिथे स्वल्पविराम कुठला. आपल्याकडे विरामचिन्हं रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा हात; 'विरामचिन्हांची परिभाषा' हे त्यांचं पुस्तक १८५० चं. मराठीचं त्यांच्याविना अडलं नव्हतं, कारण आपला जो-तो मुळातच निवड करतो. 'जी मुलं आली त्यांना खाऊ द्या' म्हटलं की न आलेल्यांना खाऊ नाही. चिन्ह लागत नाही. इंग्रजीत ही निवड स्वल्पविरामावर लटकते, आणि त्याने मला रस्त्यावर आणलं आहे.

झालं असं. पदवीनंतर पुढच्या शिक्षणासाठी पुण्यात प्रवेश मिळाला. होस्टेलकडून मेल आली. 'द स्टुडंट्स, हू हॅव सबमिटेड देअर सर्टिफिकेट्स, मे ऑक्युपाय देअर रूम्स फ्रॉम मंडे.' हू च्या आधी स्वल्पविराम, सर्टिफिकेट्सच्या नंतर स्वल्पविराम. माझा एक दाखला यायचा होता. मी आपला हू ला घाबरून मधला भाग ओलांडला आणि उरलेलं वाचलं : विद्यार्थी सोमवारपासून खोल्या घेऊ शकतात. रात्रीची एसटी पकडली, ट्रंक आणि गादी घेऊन सोमवारी सकाळी दारात. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, "ज्यांनी दाखले दिलेत त्यांनाच." मी मेल दाखवली. ते म्हणाले, "मग? तेच लिहिलंय की."

तेच लिहिलं नव्हतं. दोन स्वल्पविरामांच्या मध्ये टाकलेला भाग म्हणजे जाता जाता दिलेली माहिती. त्या वाक्याचा अर्थ होतो : सगळ्या विद्यार्थ्यांनी दाखले दिलेले आहेत, आणि सगळे खोल्या घेऊ शकतात. त्यांना जे म्हणायचं होतं त्यासाठी दोन्ही स्वल्पविराम काढायला हवे होते. म्हणजे घाबरून, अंदाजाने वाचलेला माझा अर्थ व्याकरणाने बरोबर होता. पण हे मला कळलं काही वर्षांनी. त्या दिवशी मी हडपसरला मित्राच्या चुलतभावाच्या खोलीवर गेलो आणि दाखला येईपर्यंत चार रात्री तिथे फरशीवर झोपलो.

हा गोंधळ मिटवायला एक माणूस पुढे आला होता, तेही सांगून टाकतो. हेन्री फाउलर. १९०६ मध्ये भावाबरोबर, आणि मग १९२६ च्या आपल्या प्रसिद्ध कोशात, त्याने सुचवलं की निवड करायची तिथे 'दॅट' लिहा, जादा माहितीला 'विच' ठेवा. चांगली सूचना. पण मोठमोठे लेखक असं लिहीत नाहीत, हे त्यानेच प्रामाणिकपणे नोंदवलं. अमेरिकेतल्या संपादकांनी मात्र सूचनेचा कायदा केला. आज वर्डमध्ये तुमच्या विच खाली रेघ येते ती बहुतेक त्यामुळे. त्या रेघेला फार घाबरू नका.

आता उलटी गंगाही वाहतेय. 'मी एका माणसाला भेटलो जो पंप दुरुस्त करतो.' 'माझा मित्र, जो की नाशिकला असतो.' अशी जो मागे लोंबणारी मराठी आता बातम्यांत, रील्समध्ये सर्रास आहे. जुन्या मराठीत जो कधीच मागे यायचा नाही, असं म्हणणं धाडसाचं होईल. पण 'तो' गळून पडलेला जो हल्ली फार दिसतो, आणि 'जो की' ऐकलं की माझ्या अंगावर काटा येतो. मला वाटतं 'पंप दुरुस्त करणारा एक माणूस भेटला' यात जे सुख आहे ते त्यात नाही. पण स्टीललाही दॅट ऐकून असंच वाटत होतं, त्यामुळे माझं फार मनावर घेऊ नका.

हा भाग रेकॉर्ड करण्याआधी मी आमच्या सरांना फोन लावला. आता निवृत्त झालेत, ऐकायला कमी येतं. मी त्यांना सगळं सांगितलं : कः, ह्वा, पास्टनांची पत्रं, १६११ चं विच. ते शांतपणे ऐकत होते. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाले, "अरे, म्हणजे तू तेव्हा जुन्या इंग्रजीतनं उत्तर दिलंस होय?"

मी म्हणालो, "तसंच म्हणा सर."

"मग पेपरात तसं वर लिहायचं की रे," म्हणाले, "अर्धा गुण दिला असता."